आरशाला पुरेल एवढी भिंत

रस्ता मोजणाऱ्या लोकांनी मारलेला लाल पट्टा दाराशी सुरू होऊन थेट दुसऱ्या खुर्चीखाली शिरला होता आणि समोरच्या भिंतीवर चढून दिसेनासा झाला होता. पट्ट्याच्या अलीकडचं सगळं महिन्याभरात रस्त्यात जाणार होतं. गेले पंधरा दिवस काका त्या पट्ट्यावरच उभा राहून गिऱ्हाइकांच्या दाढ्या करत होता. "माझा डावा पाय रस्त्यात, उजवा दुकानात. गाडी आली तर आधी तुम्हाला उचलेन, मग वस्तरा," असं तो प्रत्येकाला सांगायचा. गिऱ्हाइकं हसायची. बाबा मात्र दर वेळी कंगवे धुवायचं निमित्त काढून पाठ फिरवायचे.

आज कोणीच हसत नव्हतं. शटर अर्धं खाली होतं आणि दुकानात गिऱ्हाईक एकही नव्हतं, नुसतं घर भरलं होतं. पहिल्या खुर्चीवर आजोबा. पन्नास वर्षं त्या खुर्चीमागे उभे राहिलेले आजोबा तिच्यावर बसले की सगळ्यांना समजायचं, प्रकरण गंभीर आहे. त्यांचे बूट नेहमीसारखे काळे कुळकुळीत, पायपट्टीवर जोडून ठेवलेले. दुकानात यायचं तर बूट घालून, हा त्यांचा नेम आजवर मोडला नव्हता. दुसऱ्या खुर्चीच्या हातावर काका टेकलेला. बाबा बेसिनपाशी. शिवणकाम करणारी आत्या गळ्यातली टेप काढायलाही न थांबता तशीच आली होती आणि बाकावर बसून सगळ्यांकडे पाळीपाळीनं बघत होती.

आणि दोन खुर्च्यांच्या मधल्या स्टुलावर भिंगरी. तिचं हे नाव आजोबांनी ठेवलेलं, कारण ती पाळण्यातसुद्धा एका जागी राहायची नाही. पण या स्टुलावर ती तासन्‌तास बसे. पहिलीची बाराखडी तिनं इथंच गिरवली आणि नववीची बीजगणितंही इथंच सोडवत होती. डाव्या कानानं बाबांच्या गिऱ्हाइकाच्या गुडघेदुखीची कहाणी, उजव्या कानानं काकाच्या गिऱ्हाइकाच्या सासूची. इतकं चांगलं शिक्षण तिला कुठल्याच शाळेत मिळालं नव्हतं.

"दोन जागा," आजोबा म्हणाले. "दोन मालक. दोघांनाही आज पाच वाजता उत्तर द्यायचंय. बोला."

"चौक," काका म्हणाला.

"मागची गल्ली," बाबा म्हणाले.

"वा," आत्या म्हणाली. "पंधरा दिवस बोलून इथवर पोचलात."

"ताई, तू थांब. अप्पा, मी चौकात अख्खा दिवस बसलो, तुम्ही शिकवलं तसा. तोंड बंद ठेवून."

"तू? तोंड बंद?" बाबांना राहवलं नाही.

"हो, मी! चारशे बारा डोकी मोजली, दादा. चारशे बारा! सगळी वाढलेली. मानेवर केस लोळतायत एकेकाच्या."

ही या घरची रीत होती. दुकान घ्यायचं तर आधी त्या जागेसमोर एक दिवस गप्प बसायचं आणि डोकी बघायची. आजोबांनी हे दुकान तसंच शोधलं होतं. मानेवरचे केस बघून शेवटची कात्री कधी लागली हे घरातलं कोणीही सांगू शकायचं. भिंगरीला तर शाळेत त्याच्यामुळे भाव होता. गणिताच्या सरांनी दहा दिवसांपूर्वी केस कापले, तेही घाईत आणि डावखुऱ्या कारागिराकडून, हे तिनं भर वर्गात सांगितलं होतं आणि सरांनी गुपचूप मान डोलावली होती.

"गल्लीत मी एकतीस मोजली," बाबा शांतपणे म्हणाले. "एकतीसच्या एकतीस जण मला नावानं ओळखतात."

"ओळखणारच! त्यातल्या निम्म्यांची घरं याच पट्ट्यात चाललीत. आणि उरलेल्यांच्या डोक्यावर कापायला काय शिल्लक आहे?"

बाबांचा हात नकळत स्वतःच्या टकलावरून फिरला. आत्यानं तोंडाला पदर लावावा तशी टेप लावली आणि हसू दाबलं.

"तुझा चौक म्हणजे नुसती काच," बाबा म्हणाले. "गिऱ्हाइकाच्या तोंडाला साबण लागलेला सगळ्या गावानं बघायचा?"

"लोकांना आवडतं हल्ली!"

"तोंडाला साबण लावून घ्यायला?"

"पुरे," आजोबा म्हणाले. त्यांनी खुर्ची आरशाकडे वळवली आणि दोघा मुलांकडे आरशातून बघितलं. घरात रागवायचं ते नेहमी असंच, आरशातून. समोरासमोर ओरडलेलं माणूस विसरतो, पण आरशातून बघितलेलं विसरत नाही, असं आजोबांचं म्हणणं. "तुमचं जमत नसेल तर सोपं आहे. खुर्च्या दोन आहेत. एकेक उचला. एक चौकात, एक गल्लीत."

नको असं कोणीच म्हणालं नाही, हे सगळ्यांत वाईट होतं.

"आणि आरसा?" आत्यानं विचारलं.

आरसा एकच होता. दोन्ही खुर्च्यांना मिळून एक, सलग, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आजोबांनी तो तरुणपणी कुठल्याशा बंद पडलेल्या नाचघरातून उचलला होता आणि तीन मित्रांच्या मदतीनं अख्ख्या गावातून चालवत आणला होता.

"आरसा काय," काका खालच्या आवाजात म्हणाला, "कापता येतो."

आजोबांनी आरशातून त्याच्याकडे असं बघितलं की काका खुर्चीच्या हातावरून उठून उभाच राहिला.

"मग स्टूल कुठं जाणार?" भिंगरीनं विचारलं.

बाबा पुन्हा कंगवे धुवायला वळले.

*

"चल, तूच ये आणि बघ," काका म्हणाला आणि तिला चौकात घेऊन गेला. खरं तर त्याला साक्षीदार हवा होता. घरात मतं दोन-दोन अशी फुटली होती. आई बाबांच्या बाजूनं, काकू काकाच्या बाजूनं, आत्या ज्याचा मुद्दा ऐकायला मजेशीर त्याच्या बाजूनं. भिंगरी तेवढी सुटी होती.

चौक खरंच झकास होता. दोघं बसथांब्याच्या बाकावर बसले. नवं दुकान रस्त्यापलीकडे बरोबर समोर, तीन बाजूंनी काच, नव्या रंगाचा वास इथवर येणारा. माणसं तर अशी वाहत होती की बघून चक्कर यावी.

"हा बघ, पाच आठवडे," काका एकेका मानेकडे बोट न दाखवता हनुवटीनं दाखवत होता. "हा तर दोन महिने. अगं, तो बघ, कानावरून झालर! एवढं पीक उभं आहे आणि तुझे बाबा गल्लीत बसून एकतीस डोकी मोजतायत."

"पण काका, आरसा कुठं लावणार? सगळी काचच आहे."

"छोटे छोटे घेऊ. नवीन. मागे दिवे असलेले." मग तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "भिंगरे, मला काय हौस आहे का वेगळं व्हायची? पण मी चाळिशीला आलो. अजून मला सगळे 'मास्तरांचा धाकटा' म्हणतात. एकदा तरी मी म्हटलेलं बरोबर निघावं ना."

हे भिंगरीला इतकं पटलं की ती ताडकन उठली, तो बोलतोय ते दुकान आतून बघायला रस्ता ओलांडून पळाली, आणि भर रस्त्यात तिच्या चपलेचा अंगठा तुटला. एक पाय चपलेत, एक चप्पल हातात, मागून बसचा हॉर्न, अशी ती लंगडी घालत पलीकडे पोचली.

त्या काचेच्या दुकानाच्या कडेला चपला-बूट दुरुस्त करणारे एक मामा लाकडी पेटी मांडून बसले होते.

"मामा, अंगठा तुटला."

"चप्पल?" मामांनी असं विचारलं, जसा काही तिनं हत्ती आणून उभा केलाय. "चौकात चप्पल घेऊन आलीस? इथं मी बूट करतो. चपलांचा दोरा, सुई सगळं दुसऱ्या पेटीत. ती पेटी टाकीखाली."

"कुठल्या टाकीखाली?"

"पाण्याच्या. सकाळी इथं बूट, दुपारी तिथं चपला. तीस वर्षांचा हिशेब आहे माझा." त्यांनी ब्रश चालवत चालवत मानेनं थांब्याकडे खूण केली. "इथला माणूस उभ्या उभ्या पाय पुढं करतो. बस दिसली की पळतो. काल एक जण एकच बूट चकचकीत करून गेला. दुसरा आज घेऊन आला, बिचारा."

"आणि चपला इथं का येत नाहीत?"

"पोरी, चप्पल घालून माणूस किती लांब जातो? दुकानात जातो, शेजाऱ्याकडे जातो, पाय मोकळे करायला जातो. जिथं त्याला घाई नसते तिथं जातो. चौकात घाईशिवाय आहे काय?"

भिंगरीनं आयुष्यात पहिल्यांदा डोक्यांवरून नजर काढली आणि खाली बघितलं.

बूट. बूट. टाचांचे सँडल. बूट. धुळीनं भरलेले बूट, लेस सुटलेले बूट, पळणारे बूट. ती दहा मिनिटं मोजत राहिली. चपला तीन निघाल्या, आणि त्यातली एक तिच्या हातात होती.

मग तिला स्टूल आठवलं. स्टूल बुटकं. तिथं बसून वही लिहिताना समोर कायम गिऱ्हाइकांचे पाय यायचे. झिजलेल्या टाचांच्या चपला, रबरी चपला, एका आजोबांच्या तर दोन पायांत दोन रंगांच्या. दुकानात बूट घालून येणारी माणसं तिनं बोटांवर मोजली, तरी बोटं उरली.

"काका!" ती पळत बाकापाशी आली. म्हणजे लंगडत. "काका, पाय बघ! पाय!"

"कापला का काय?"

"माझा नाही रे! सगळ्यांचे! केस कापायला माणूस चपलेत येतो. ही सगळी बूटवाली आहेत. ही थांबणार नाहीत!"

काकानं तिच्याकडे फार प्रेमानं बघितलं. "भिंगरे, आपला धंदा डोक्याचा आहे. केस पायाला येत नाहीत."

"मी चप्पल शिवून येते," भिंगरी म्हणाली. "टाकीखाली."

*

टाकी चार जाड खांबांवर उभी होती आणि तिची गोल सावली दुपारी मधोमध पडलेली होती. सावलीच्या भोवती तीन-चार मजली घरं, एक किराणा, एक इस्त्रीवाला, एक पाव विकणारा. मामांनी सावलीत पेटी उघडायचा अवकाश, चपला यायलाच लागल्या. कोणी हातात घेऊन, कोणी पायात फरपटत, एक बाई तर तिसऱ्या मजल्यावरून दोरीला बांधून खाली सोडत होत्या.

पाय बघून झाल्यावर भिंगरीनं डोकी बघितली आणि तिचा जीव तिळतिळ तुटला. घरकाप! घरच्या घरी, भाजी चिरायच्या कात्रीनं कापलेल्या केसांना त्यांच्या घरी घरकाप म्हणत. मागे पायऱ्या, कानापाशी खाच, कपाळावर तिरकी रेघ. इस्त्रीवाला तर असा दिसत होता, की केस कापतानाच मध्येच कोणीतरी दार वाजवलं असावं.

"मामा, इथले लोक केस कुठं कापतात?"

"पुलापलीकडे. चढ आहे, जायचा कंटाळा करतात. त्यापेक्षा बायको बरी." मामांनी सुईनंच वर दाखवलं. "ते बघ."

पहिल्या मजल्याच्या सज्जात एक जाडजूड काका गळ्यात टॉवेल घालून बसले होते आणि त्यांच्या मागे एक काकू कात्री घेऊन उभ्या होत्या. डोक्याचा डावा अर्धा भाग झाला होता. झाला होता म्हणजे, संपला होता.

"हलू नका हो!"

"हलत नाहीये. तू माझा कान धरलायस."

"कान धरल्याशिवाय तुम्ही ऐकता कधी?"

"थांबा!" भिंगरी खालून ओरडली. तिला स्वतःलाही कळलं नाही ती का ओरडली. घरातल्या तीन पिढ्या तिच्या घशातून ओरडल्या. "काकू, थांबा! उजव्या बाजूला हात लावू नका!"

दोघांनी कठड्यावरून खाली वाकून बघितलं.

"कोण गं तू?"

"मी केस कापणाऱ्यांच्या घरातली आहे! माझे आजोबा हे नीट करतील. बाबा करतील. काका करेल. फक्त आत्ता कात्री खाली ठेवा!"

काकूंनी कात्री अशी ठेवली, जणू गेली वीस वर्षं त्या कोणीतरी असं म्हणेल याचीच वाट बघत होत्या.

पुढचं सगळं भराभर घडलं. भिंगरी वर गेली, पाणी प्यायली आणि तिनं एका दमात लाल पट्टा, चौक, गल्ली, दोन खुर्च्या, सगळं सांगून टाकलं. काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं अर्धं डोकं खाजवलं.

"खाली आमचं दुकान आहे," ते म्हणाले. "मी सायकली दुरुस्त करायचो. आता गुडघे वाकत नाहीत. सहा महिने शटर बंद आहे. बघायचंय?"

शटर करकरत वर गेलं. आत टायरचा आणि तेलाचा वास. लांबुळकी खोली, आणि डाव्या हाताला एक भिंत, सलग, अखंड. भिंगरी तिला जाऊन चिकटली. आरसा तिला पाठ होता. लहानपणापासून ती त्याच्यासमोर हात पसरून उभी राहायची. गेल्या वर्षी माप ठरलं होतं, तिचे पसरलेले हात दोनदा आणि वर एक वीत. तिनं पहिल्यांदा हात पसरले, बोटाच्या टोकाशी पेन्सिलीनं खूण केली, दुसऱ्यांदा पसरले. मग वीत. वीत अर्ध्यावर आली आणि बोटं विजेच्या बोर्डाला टेकली.

चार बोटं कमी.

चौकात काच होती, गल्लीतल्या जागेत मधोमध खांब होता, आणि इथं चार बोटं. तिला रडूच आलं असतं, पण अर्ध्या डोक्याच्या माणसासमोर रडणं बरं दिसलं नसतं.

"काका," ती म्हणाली, "एक विनंती आहे. पाच वाजेपर्यंत तुम्ही असेच बसाल?"

"असाच? अर्धा?"

"तुमचं डोकं बघितल्याशिवाय माझ्या घरातले येणार नाहीत. आणि आले की बघितल्याशिवाय जाणार नाहीत."

"आणि आलेच नाहीत तर? मी काय अर्धीच टोपी घालून फिरू?"

"बसतील ते," काकू म्हणाल्या. "गुडघे वाकत नाहीत, जाणार कुठं?"

काकूंच्याच फोनवरून तिनं आत्याला गाठलं.

"आत्या, तू सगळ्यांना घेऊन टाकीखाली ये. पाचच्या आत. काहीही सांग."

"काहीही?" आत्याच्या आवाजात एकदम शिवणयंत्राचा वेग आला. "अगं, मग काही अवघड नाही. ठेव तू फोन."

*

साडेचारच्या सुमारास ते आले. बाबा सायकलवर, चेहरा लालबुंद. काकाच्या स्कूटरवर मागे आजोबा, ताठ, मांडीवर हत्यारांची पेटी. रिक्षातून आत्या, आई आणि घरची काकू, अगदी निवांत.

"कुठं आहे तो माणूस?" बाबा सायकल उभी न करताच ओरडले. "भिंगरी! कोणाला विचारून कात्री धरलीस?"

"मी?"

"ताई म्हणाली, तू एका माणसाचं अर्धं डोकं कापून ठेवलंयस!"

भिंगरीनं आत्याकडे बघितलं. आत्या टाकीच्या उंचीचं कौतुक करत होती.

सायकलवाले काका दुकानाच्या उंबऱ्यात एका उलट्या खोक्यावर बसले होते, गळ्यात टॉवेल तसाच. आजोबा त्यांच्यासमोर आले, आणि त्यांनी आधी नमस्कार केला, मग त्या डोक्याकडे असं बघितलं जसं डॉक्टर हात मोडलेल्याकडे बघतात. "हे आमच्या मुलीनं केलेलं नाही," ते लगेच म्हणाले. "ती उजवीकडून सुरुवात करते."

"मी केलंय," वरून सज्जातल्या काकू अभिमानानं म्हणाल्या.

आजोबांनी पेटी उघडली. कंगवा ओला केला. कात्रीची टकटक सुरू झाली आणि टाकीखालचे सगळे आवाज आपोआप हळू झाले. काय जादू होती कोण जाणे, पण दहा मिनिटांत आजूबाजूला आठ-नऊ माणसं जमली. इस्त्रीवाला इस्त्री ठेवून आला. एक शिक्षक वाचता वाचता आले. "नंबर लावायचा का?" कोणीतरी विचारलं.

"नाही, नाही," बाबा म्हणाले, "आम्ही फक्त हे एक—"

पण इस्त्रीवाल्याची मान त्यांच्या समोर होती. बाबांनी एकदा बघितलं, दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा त्यांच्या हातात कात्री होती.

"दादा, मशीन दे इकडे," काका म्हणाला, कारण त्याच्यासमोर एक उंच माणूस खाली मान घालून आधीच बसला होता. कमरेला घरातली लुंगी, पायात रबरी चपला, मानेवर दोन महिन्यांचे केस. काकानं मशीन लावलं आणि लगेच थांबवलं. त्यानं ती मान डावीकडून बघितली. उजवीकडून बघितली. उजव्या कानामागे एक चंद्रकोरीसारखा डाग होता.

"हे डोकं मी मोजलंय!" काका किंचाळला.

"काय मोजलंय?" तो माणूस दचकला.

"चौकात! शनिवारी सकाळी! तुम्ही... तुम्ही चौकात असता ना?"

"असणारच की. बस चालवतो मी. दिवसातून सहा वेळा चौकातून जातो."

"मग चौकात केस का नाही कापत? म्हणजे, दुकान असतं, तर?"

"बस कोण धरून ठेवणार, तुम्ही?" ड्रायव्हर हसला. "अहो, बूट काढल्याशिवाय मला माझ्या डोक्याची आठवणच होत नाही."

काकानं मशीन बंद केलं. त्यानं त्या माणसाच्या चपलांकडे बघितलं. मग इस्त्रीवाल्याच्या, मग शिक्षकांच्या, मग सगळ्या घोळक्याच्या. शेवटी त्यानं मान वर केली आणि भिंगरीकडे बघितलं. त्या बघण्यात बराच वेळ काहीच नव्हतं, आणि मग सगळंच होतं.

"चारशे बारा," तो पुटपुटला. "सगळी दुसऱ्यांची गिऱ्हाइकं मोजली मी."

"दुसऱ्यांची कशाला?" बाबा कात्री न थांबवता म्हणाले. ते इतकं हळू बोलले की कंगव्याचा आवाज मोठा वाटावा. "माणसं तू बरोबर मोजलीस. फक्त ती चौकात राहत नाहीत. त्यातलं एक आत्ता तुझ्यासमोर बसलंय. माझ्या एकतीसांतली तर निम्मी आता तिथं राहणारही नाहीत."

काकानं मशीन पुन्हा सुरू केलं. त्यानं ड्रायव्हरच्या मानेवर अशी काही सुबक रेघ ओढली, की बाबांनी वाकून बघितलं आणि "हं" म्हणाले. बाबांचं "हं" मिळायला लोक वर्षानुवर्षं थांबत.

आजोबा टॉवेल झटकत आत गेले. आत्या मागोमाग. टेप गळ्यातून निघाली, भिंतीवर धरली गेली.

"चार बोटं कमी आहेत," भिंगरी म्हणाली. तिनं दुपारपासून हेच एक वाक्य गिळून ठेवलं होतं. "विजेचा बोर्ड मध्ये येतो."

आत्यानं टेप बोर्डापाशी नेली आणि मान हलवली.

"एवढंच?" काका दारातून म्हणाला. "बोर्ड तर मी उद्या सकाळी वर सरकवतो. स्क्रू, पकड असलं की झालं. पण मी आत्ताच सांगून ठेवतो, दाराकडची खुर्ची माझी."

"का म्हणून?" बाबा लगेच आत आले. "दाराकडे उजेड असतो. दाढी तू करतोस, हो की नाही? केसांना उजेड लागतो."

"दाढीला लागत नाही? मग अंधारात कापू का लोकांची नाकं?"

"पन्नास वर्षं पहिली खुर्ची थोरल्याची—"

"ते जुन्या दुकानात! इथं पहिली कुठली ते अजून ठरलंय कुठं? या बाजूनं मोजलं तर माझी पहिली!"

भिंगरी भिंतीला टेकून खाली बसली, स्टूल जिथं येणार होतं बरोबर तिथं. भांडण डावीकडून उजवीकडे जात होतं आणि उजवीकडून डावीकडे परत येत होतं, दोन्ही कानांत सारखं. इतकं गोड भांडण तिनं आजवर ऐकलं नव्हतं.

काकाचा फोन वाजला. पाच वाजले होते. चौकातला मालक.

काकानं फोनकडे बघितलं आणि तो बाबांपुढे धरला. "दादा, तू सांग."

"मी कशाला? तुझं बोलणं गोड आहे. तू त्याला सांग, आणि माझ्या गल्लीवाल्यालाही तूच सांग."

"बघितलंस, ताई? नकार द्यायचा असला की मी आठवतो!"

*

आरसा दुसऱ्या दिवशी सकाळी निघाला. तो गाडीत घालायला आजोबा तयार नव्हते. आला तसाच जाईल, पायी, म्हणाले. पुढचं टोक बाबांच्या हातात, मागचं काकाच्या, मधे आधाराला आई आणि काकू, आणि सगळ्यांच्या पुढे रस्ता मोकळा करत भिंगरी, डोक्यावर स्टूल उलटं घेऊन.

"दादा, हळू! मी मागे आहे!"

"तूच जोरात ढकलतोयस!"

"डावा, उजवा!" भिंगरी ओरडत होती. "डावा, उजवा! एकत्र टाका रे पाय, नाहीतर तडा जाईल!"

आणि ते टाकत होते, दुसरा इलाजच नव्हता.

टाकीच्या गल्लीत शिरल्यावर हात दुखले म्हणून त्यांनी आरसा जरा खाली घेतला. भिंगरीनं मागे वळून बघितलं, तर आरशात डोकी नव्हतीच. नुसते पाय होते. दोन्ही बाजूंच्या दारांतून बघायला आलेल्या माणसांचे, घरातल्या चपलांमधले, ओळीनं सरकत जाणारे. मामांचे होते. ड्रायव्हरचे होते. सायकलवाल्या काकांचे, न वाकणाऱ्या गुडघ्यांखालचे.

त्या सगळ्यांच्या मागून, सावकाश, एक तपकिरी चपलांची जोडी येत होती. डाव्या पट्ट्याला आत्यानं घातलेला निळा टाका. घराच्या उंबऱ्याबाहेर या चपला भिंगरीनं कधी म्हणजे कधीच पाहिल्या नव्हत्या.

तिनं मान वर केली. आजोबा आरशातून तिच्याकडेच बघत होते, आणि रागावलेले तर मुळीच नव्हते.

"पुढं बघ," ते म्हणाले. "स्टूल पडेल."